सामाईक कर्ज आणि परके चलन

विजेची यंत्रे घडविणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी १९४६ साली बंगळूर येथे स्थापन झाली. मराठी घराण्याच्या या उद्योगाने २००८ साली जर्मनीतील ब्रेमेन शहरची लॉइड डायनामोवेर्के ही कंपनी विकत घेतली. अशा खरेदीची किंमत युरोत मोजावी लागते. खरेदीदाराची मिळकत मात्र बहुतांशी रुपयांत असते.

रक्कम फार मोठी असली, की एकटी बँक सारा धोका पत्करीत नाही. अनेक बँका मिळून सामाईक कर्ज देतात. अग्रणी बँक कंपनीचे हिशेब तपासते, अटी ठरविते आणि इतर बँकांना वाटेकरी करून घेते. करार एकच असतो. परंतु प्रत्येक बँक केवळ आपल्या वाट्यापुरती बांधलेली असते. हप्ते स्वीकारून ते वाटण्याचे काम प्रतिनिधी बँकेकडे असते. काही रक्कम डॉलरमध्ये, तर काही युरोत उचलण्याची मुभाही करारात ठेवता येते.

खरी कसोटी लागते ती चलनाच्या निवडीत. २००८ च्या आरंभी एका डॉलरला सुमारे ४० रुपये पडत. मार्च २००९ मध्ये ५० हून अधिक पडू लागले. ज्याची सारी मिळकत रुपयांत, त्याचे दहा लाख डॉलरचे देणे व्याज न वाढताही चार कोटींवरून पाच कोटींपलीकडे गेले. याउलट परदेशी कारखान्याची युरोतील मिळकत युरोच्याच हप्त्याकडे वळविली, तर हा चढउतार फारसा बाधत नाही. म्हणून व्याजाचा दर पाहण्याआधी, परतफेड ज्या गल्ल्यातून व्हायची त्यात कोणते नाणे पडते, हे पाहणे इष्ट.