विश्लेषण : डॉक्टरांना संशोधक व्हायचे असेल, तर वाट कोणती आणि ती अडते कुठे?

एमबीबीएसनंतर पुढे काय, या प्रश्नाचे बहुतेक घरांत एकच उत्तर असते : नीट-पीजी. रुग्ण तपासता तपासता संशोधनही करायचे असेल तर सुरुवात कुठून करावी, हे मात्र अनेक विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नसते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जैववैद्यकीय संशोधन कारकीर्द कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यासाठीच्या १५०० कोटी रुपयांपैकी १००० कोटी जैवतंत्रज्ञान विभाग आणि ५०० कोटी ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट देणार आहे. पण निधी आला म्हणजे डॉक्टर संशोधनाकडे वळतील का?

डॉक्टर-संशोधक कशासाठी हवेत?

प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाला न दिसणारे काही प्रश्न रुग्णाच्या खाटेशेजारी दिसतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मूळचे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या रुग्णांना वाचवू शकते, हे त्यातून पुढे आले. मुंबईतील टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगर वापरून केलेल्या साध्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. असे स्वस्त आणि आपल्याकडे चालणारे उपाय परदेशी कंपन्या शोधून देतील, याची खात्री नाही.

सध्याचे चित्र काय?

देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील शोधनिबंधांची मोजणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ३३२ संस्थांच्या, म्हणजे ५७ टक्क्यांहून अधिक संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५ होत्या आणि देशातील ४० टक्के निबंध त्यांचेच होते. विद्यार्थ्याला संशोधन शिकायला मिळेल की नाही, हे त्याला कुठे प्रवेश मिळाला यावर किती अवलंबून असते, ते यावरून कळते.

पहिली पायरी कोणती?

एमबीबीएस करतानाच पहिली संधी मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना चालवते. विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शकासोबत प्रस्ताव पाठवतो, साधारण दोन महिने काम करतो आणि अहवाल देतो. अहवाल मंजूर झाला की विद्यावेतन आणि प्रमाणपत्र मिळते. रक्कम मोठी नाही. पण प्रश्न कसा मांडायचा आणि नीतिमत्ता समितीची परवानगी कशी घ्यायची, याची ओळख इथेच होते.

दुसरी सोय ऑनलाइन आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम’ पदव्युत्तर विद्यार्थी आणि वैद्यकीय अध्यापकांना बंधनकारक आहे.

एमडी-एमएसच्या काळात काय?

एमडी, एमएस आणि डीएनबी या तिन्ही अभ्यासक्रमांत प्रबंध सक्तीचा आहे. कागदावर ही संशोधनाची सर्वांत मोठी शाळा ठरावी. प्रत्यक्षात निवासी डॉक्टर वॉर्ड, ओपीडी आणि इमर्जन्सी सांभाळून उरलेल्या वेळात प्रबंध लिहितो. त्यामुळे अनेकदा हाताशी असलेल्या रुग्णांवर होईल असा छोटा विषय निवडला जातो आणि परीक्षा झाली की प्रबंध कपाटात जातो. औषध किंवा उपचाराची चाचणी करायची असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद करावी लागते, हे नियोजनातच धरायला हवे.

पुढचे पर्याय कोणते?

* एमडी-पीएचडी : आयसीएमआरने निवडक संस्थांत ही योजना चालवली आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही एमडी-पीएचडीचा समावेश असलेल्या पदव्युत्तर वैद्यकीय शाळेची घोषणा केली. त्यासाठी २०२२ मध्ये ४२५ कोटींची देणगी जाहीर झाली.
* पीएचडी : नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात, तसेच टाटा मेमोरिअल ज्याचा भाग आहे त्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत पीएचडी करता येते.
* तंत्रज्ञानाकडे वळायचे असल्यास : खरगपूर आयआयटीचा तीन वर्षांचा वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम एमबीबीएस पदवीधरांसाठी आहे.
* फेलोशिप : वर उल्लेख केलेल्या कार्यक्रमातूनच चालणाऱ्या ‘इंडिया अलायन्स’च्या फेलोशिप क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य संशोधनासाठीही आहेत. त्यात वेतनासोबत संशोधनाचा खर्चही मिळतो.
* कार्यशाळा : टाटा मेमोरिअलच्या ‘क्रेडो’ कार्यशाळेत कर्करोगावर काम करणारे तरुण डॉक्टर आपल्या कल्पनेचा पूर्ण आराखडा तज्ज्ञांच्या मदतीने तयार करतात.

मग अडते कुठे?

साधा हिशेब करू. १८व्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांनी एमबीबीएस होतो. त्यात एमडीची तीन वर्षे धरली तर एकही वर्ष वाया न जाता वय २६-२७ होते. नीट-पीजीच्या तयारीचे आणि सक्तीच्या सेवेचे वर्ष मिळवले तर २८-२९. त्यापुढे पीएचडीची तीन ते पाच वर्षे. या वयात बरोबरीचे मित्र खासगी रुग्णालयात स्थिरावलेले असतात आणि घरची जबाबदारी अंगावर आलेली असते.

पैशाइतकीच वेळेचीही अडचण आहे. पीएचडी करून वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झालेला डॉक्टर पुन्हा ओपीडी, तास आणि परीक्षांच्या चक्रात अडकतो. बढतीसाठी शोधनिबंध लागतात, पण त्यासाठीचा वेळ कामाच्या वेळापत्रकात नसतो. परिणामी प्रश्नाची तड लावण्यापेक्षा निबंधांची संख्या भरण्याकडे कल वाढतो आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावते.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत एमडी-पीएचडी एकत्र करणाऱ्यांसाठी सरकारी निधीचा कार्यक्रम १९६४ पासून आहे. ब्रिटनने २००५च्या सुमारास वेगळा मार्ग आखला. तिथे ‘अकॅडमिक क्लिनिकल फेलो’ असलेल्या डॉक्टरचा २५ टक्के वेळ संशोधनासाठी राखीव असतो, तर पुढच्या ‘क्लिनिकल लेक्चरर’ टप्प्यावर तो ५० टक्के होतो. म्हणजे आठवड्यातील ठरावीक काळ त्याला वॉर्डात बोलावले जात नाही. राखीव वेळ हा तिथे नोकरीचाच भाग आहे.

विद्यार्थ्याने आणि सरकारने काय करावे?

विद्यार्थ्यासाठी क्रम सोपा आहे : दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात अल्पकालीन योजनेसाठी अर्ज, एमडीला प्रवेश घेताना विभागाच्या प्रकाशित कामाची चौकशी, प्रबंधाचा विषय पुढे वाढवता येईल असा निवडणे आणि फेलोशिपच्या तारखा वर्षभर आधी पाहून ठेवणे.

पण राखीव वेळ विद्यार्थी स्वतः मिळवू शकत नाही. त्यासाठी महाविद्यालयात पुरेसे अध्यापक आणि निवासी डॉक्टर हवेत, संख्याशास्त्रज्ञ हवा आणि संशोधनाचे तास कामाचे तास म्हणून मोजले जायला हवेत. १५०० कोटींतून फेलोशिप वाढतील. त्या मिळवणारा डॉक्टर पाच वर्षांनंतरही संशोधनातच राहील का, हे त्याच्या महाविद्यालयाचे ड्युटीचे वेळापत्रक ठरवेल.