अ‍ॅम्प न घेता हेडफोनचा आवाज चांगला कसा मिळवायचा?

दुकानाचे रील मोबाईलवरच एडिट करताय, हेडफोनमध्ये आवाज बारीक येतोय आणि अ‍ॅम्प घ्यायचा विचार चाललाय? खर्च करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

१. बॉक्सवरचे ओहम बघा. १६ ते ३२ ओहमचा हेडफोन मोबाईल आरामात चालवतो. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स ३८ ओहमचा, तोही चालतो. सेनहायझरचा एचडी ६०० मात्र ३०० ओहमचा, तो मोबाईलवर हळूच वाजणार. ब्लूटूथवाल्यांनी तर अ‍ॅम्पचा विचारच सोडा, तो आतच बसवलेला असतो.

२. मोबाईलला गोल जॅक नसेल तर टाइप-सी डोंगल घ्या. डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप आणि छोटा अ‍ॅम्प बहुतेक डोंगलमध्ये असतोच.

३. इअरफोनचं रबर कानात घट्ट बसतंय ना? फट राहिली की बेस गेलाच! विरार लोकलमध्ये एडिट करताना व्हॉल्यूम वाढवू नका, रबराची साइज बदला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास.

वाचलेल्या पैशात एक बरा कॉलर माईक येईल. गिऱ्हाइकाला तुमचा अ‍ॅम्प ऐकू येत नाही, तुमचं बोलणं ऐकू येतं.