आमिशांच्या गोठ्यातली धूळ

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले आमिश आणि साउथ डकोटातले हटराइट हे दोन ख्रिस्ती शेतकरी पंथ. दोघांचे पूर्वज आल्प्सच्या परिसरातले. खाणंपिणं बरंचसं सारखं, कुटुंबं मोठी, घरात कुत्र्या-मांजरांना मज्जाव. तरीही शाळकरी मुलांतलं दम्याचं प्रमाण आमिशांमध्ये सुमारे ५ टक्के, तर हटराइटांमध्ये २१ टक्के!

फरक गोठ्याचा. आमिश शेतकरी आजही घोडे जुंपून शेत नांगरतो. गोठा घराजवळच असतो आणि मुलं रांगत्या वयापासून तिथं बागडतात. हटराइटांची शेती सामुदायिक आणि यांत्रिक, गुरं वस्तीपासून लांब. कॅरोल ओबर, एरिका फॉन मुटियस आदी संशोधकांनी २०१६ साली दोन्हीकडच्या तीस-तीस मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. आमिश घरांतल्या धुळीत एन्डोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला एक घटक, जवळपास सातपट निघाला.

ही धूळ पोचते ती फुप्फुसात. तिथल्या वायुकोशांत मॅक्रोफेज पेशी जन्माच्या सुमारास मुक्काम ठोकतात आणि आलेला कण फारसा बोभाटा न करता गिळून टाकतात. हा संयम फार मोलाचा आहे, कारण प्राणवायू ज्यातून रक्तात शिरतो तो पडदा अतिशय नाजूक असतो.

ॲलर्जीत हा संयम सुटतो. घरातल्या धुळीत डस्ट माइट नावाचे सूक्ष्म जीव असतात. त्यांच्या विष्ठेतली विकरं श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करतात. अस्तर धोक्याचे रासायनिक संदेश सोडतं, ते प्रतिकारयंत्रणेतल्या आयएलसी-२ नावाच्या पेशी टिपतात आणि इंटरल्युकिन-५ व १३ ही रसायनं सोडू लागतात. पहिल्यामुळे इओसिनोफिल पेशींची झुंबड उडते, दुसऱ्यामुळे कफ दाटतो. नळ्या आवळतात, छाती घरघरू लागते.

संशोधकांनी दोन्हीकडची धूळ उंदरांच्या नाकात सोडली आणि त्यांना अंड्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी करून पाहिली. आमिश धूळ मिळालेल्यांच्या श्वासनलिका बऱ्याच शांत राहिल्या. हटराइट धुळीनं मात्र इओसिनोफिल वाढले. मग जिवाणूंची चाहूल पेशीच्या आत पोचवणारे मायडी८८ आणि ट्रिफ हे दोन दुवे नसलेले उंदीर घेतले, तर आमिश धुळीचं संरक्षणही गेलं. म्हणजे ही धूळ जन्मजात प्रतिकारयंत्रणेलाच वळण लावत होती.

दमा आधीच जडलेल्यांनी मात्र यावरून गोठ्यात जाऊन धूळ हुंगू नये, त्रास वाढू शकतो. इओसिनोफिल वाढलेल्या तीव्र दम्यासाठी इंटरल्युकिन-५ला रोखणारं मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली.