जाळ्याच्या आत जाळं

लासूर स्टेशनच्या परिसरात शेततळ्यातल्या शेवाळाचं कुणाला कौतुक नसतं. ते ठिबकच्या फिल्टरमध्ये बसतं, दाब पडतो आणि कांद्याच्या शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. मग मोरचूद टाकायचं. मी बरणीभर शेवाळ मागितलं तेव्हा शेतकरी म्हणाला, "सर, बरणी कशाला? सगळंच न्या, ट्रॉली देतो."

पांढऱ्या ताटलीत पसरल्यावर दिसलं, हे सुट्या तंतूंचं शेवाळ नव्हे. पाच-सहा कोनांच्या भोकांचं हिरवं जाळं होतं: हायड्रोडिक्टिऑन. भोकाची प्रत्येक बाजू म्हणजे एक अख्खी पेशी, आणि जुन्या जाळ्यात ती सेंटीमीटरभर लांब होते. पेशी म्हटलं की सूक्ष्मदर्शक, ही आपली शाळेतली सवय. इथे नुसते डोळे पुरतात.

खरी गंमत मात्र भिंगाखाली. पूर्ण वाढलेल्या पेशीत मधोमध मोठी रिक्तिका असते आणि भिंतीलगत जीवद्रव्याचा पातळ थर. त्यात हजारो केंद्रकं. योग्य वेळ आली की हा थर तुकड्यातुकड्यांत विभागतो. एकेका तुकड्याला एक केंद्रक आणि दोन कशाभिका मिळतात. असे हजारो चलबीजाणू तयार होतात, पण बाहेर पडत नाहीत. आईपेशीच्या भिंतीआडच जागच्या जागी वळवळतात, मग थांबतात, कशाभिका टाकतात आणि शेजाऱ्याला चिकटतात. आई नळीसारखी, म्हणून पिलूही नळीसारखंच जाळं. भिंत विरघळली की ते मोकळं होतं.

यानंतर या जाळ्यात एकाही नव्या पेशीची भर पडत नाही. संख्या जन्मालाच ठरलेली. केंद्रकं दुणावत राहतात आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी पेशी ताणत जाऊन हजारपट लांब होते. अशी वाढलेली पेशी पुन्हा आई होऊ शकते, म्हणूनच हाताने शेवाळ काढून भागत नाही. तुटून राहिलेल्या एकेका पेशीतून नवं जाळं निघू शकतं.

समुद्रातल्या अ‍ॅसिटॅब्युलारियाची तऱ्हा उलटी. काही सेंटीमीटर उंच छत्री, तरी एकच पेशी, आणि वाढीच्या काळात केंद्रक एकच, तेही बुडाशी. बर्लिनमध्ये योआखिम हॅमरलिंग यांनी 1930च्या दशकात एका जातीच्या देठाचा तुकडा दुसऱ्या जातीच्या बुडावर बसवला. छत्री अखेर बुडातल्या केंद्रकाच्या जातीची आली. तिथे आकाराचा हुकूम केंद्रकाचा. आमच्या तळ्यातल्या जाळ्याला मात्र आकार देते ती आईची पोकळी आणि शेजाऱ्याचा स्पर्श, असं मला वाटतं.

तळं आटण्याआधी काही पेशी आणखी बारीक बीजं सोडतात. ती जोडीनं एकत्र येऊन जाड कवचात चिखलात पडून राहतात. पुन्हा पाणी आलं की त्यांच्यातून टोकदार, बहुकोनी पेशी घडते, आणि पहिलं इवलं जाळं तिच्याच पोटात विणलं जातं.