औद्योगिकीकरण व भूमिसंघर्ष

उद्योगधंदे, वीजनिर्मिती, बंदरे, रस्ते व नागरी वसाहती यांसाठी ग्रामीण भागातील जमिनीचा ताबा वा वापर बदलत असताना जमीनधारक, ती कसणारे, शासन आणि उद्योजक यांच्यात निर्माण होणारा संघर्ष. विकसनशील देशांतील बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांचे जमीन हे उपजीविकेचे प्रमुख साधन असते; कर्जासाठी तारण, वृद्धापकाळचा आधार व गावातील प्रतिष्ठेचे गमक म्हणूनही तिला महत्त्व असते. उद्योगाच्या हिशेबात मात्र ती भांडवली खर्चाची एक बाब असते. या दोन मूल्यमापनांतील अंतरातून संघर्ष उद्‌भवतो. त्याची तीव्रता सर्वत्र सारखी नसते. जमीन देणाऱ्यास नव्या उद्योगाच्या लाभात वाटा मिळतो की नाही, यावर ती बऱ्याच अंशी अवलंबून असते. महाराष्ट्रातील, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूर परिसरातील, अनुभवावरून ही बाब स्पष्ट होते.

कारणे : भूमिसंघर्षात सामान्यतः तीन प्रश्न गुंतलेले असतात. पहिला प्रयोजनाचा : खाजगी कंपनीचा कारखाना हे ‘सार्वजनिक प्रयोजन’ मानावे काय? दुसरा मोबदल्याचा : खरेदीखतात बाजारभाव बहुधा कमी दाखविलेला असतो व तोच मोबदल्याचा आधार होतो; शिवाय प्रकल्प आल्यानंतर वाढणाऱ्या किंमतीचा लाभ मूळ मालकास मिळत नाही. तिसरा हक्कदारांचा : सातबारा उताऱ्यावर नाव असलेला मालक मोबदल्यास पात्र ठरतो, परंतु त्याच जमिनीवर कूळ, वाटेकरी, शेतमजूर, धनगर व कारागीर हेही जगत असतात. दप्तरात नोंद नसलेल्या या वर्गाची हानी दीर्घकाळ हिशेबाबाहेर राहिली.

कायद्याची चौकट : भारतात १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाने शासनास सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार दिला. बाजारभावावर द्यावयाची दिलासा रक्कम १९८४ च्या दुरुस्तीने १५ वरून ३० टक्के करण्यात आली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला व तो अनुच्छेद ३००-अ खालील संवैधानिक हक्क उरला. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने ही चौकट बदलली. खाजगी कंपनीसाठी ८० टक्के व सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरली. सामाजिक परिणामांचे मूल्यनिर्धारण विहित झाले. ग्रामीण भागात बाजारभावास १ ते २ या दरम्यानच्या गुणकाने गुणून त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम देण्याची तरतूद झाली. गुणक २ असल्यास मोबदला बाजारभावाच्या चौपट होतो, १ असल्यास दुप्पट. तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारे कूळ, शेतमजूर व कारागीर यांचाही बाधित कुटुंबांत समावेश झाला. तथापि राष्ट्रीय महामार्गांसह काही प्रयोजनांचे भूसंपादन स्वतंत्र कायद्यांखाली होते. त्यांना मोबदल्याचे निकष लागू झाले, पण संमतीची व मूल्यनिर्धारणाची अट लागू नाही.

महाराष्ट्रातील प्रमुख संघर्ष : मुळशी सत्याग्रह (१९२१–२४) हा या प्रकारच्या आरंभीच्या लढ्यांपैकी एक. मुंबईच्या उद्योगांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने पुणे जिल्ह्यात योजिलेल्या धरणाविरुद्ध मावळे शेतकऱ्यांनी पां. म. ऊर्फ सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे होती. मोबदला मान्य करण्याकडे त्यांचा कल झाला आणि ती कसणाऱ्यांचा विरोध एकाकी पडला. मालक व कसणारा यांच्या हितसंबंधांतील भेद येथे प्रथम ठळकपणे दिसला.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने शेतजमिनी संपादून त्यांवर रस्ते, पाणी व वीज यांची सोय केली आणि भूखंड उद्योजकांना दिले. नवी मुंबईसाठी १९७० नंतर ठाणे व तत्कालीन कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यांतील गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. वाढीव मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या आंदोलनाची फलश्रुती म्हणजे मूळ धारकास संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना. वाढीव किंमतीतील वाटा हा हक्क म्हणून मान्य होण्याचे ते महत्त्वाचे उदाहरण होय. रायगड जिल्ह्यातील महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासंबंधी २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांतील शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. पुढे तेथील भूसंपादन बारगळले. याउलट पुण्यालगतच्या मगरपट्ट्यातील सु. १२० शेतकरी कुटुंबांनी सु. ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी स्थापन केली व नगर उभारले.

जयसिंगपूर परिसर : जयसिंगपूर हे शिरोळ तालुक्यातील नियोजित व्यापारी शहर. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. त्यावर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनकपिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावे ही पेठ वसविली. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते व क्रमांकित गल्ल्या ही तिची वैशिष्ट्ये. तंबाखू व अन्य शेतमाल यांच्या व्यापारावर ती वाढली. येथील औद्योगिक वाढ शेतीतूनच झाली.

या परिसरात सहकारी साखर कारखानदारीने जमिनीच्या प्रश्नाला वेगळे वळण दिले. शिरोळ येथील श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यासारख्या उद्योगात कारखान्याच्या जागेपुरतीच जमीन शेतीबाहेर जाते. ऊसक्षेत्र शेतकऱ्याकडेच राहते व तो भागधारक होतो. संघर्ष त्यामुळे जमिनीच्या ताब्यावरून उसाच्या दराकडे वळला. पहिली उचल, वजन, उताऱ्याचा हिशेब व थकीत बिले हे त्याचे विषय. शेट्टी यांच्या नेतृत्वाखालील स्वाभिमानी शेतकरी संघटनेची जयसिंगपूर येथे गळीत हंगामापूर्वी भरणारी ऊस परिषद हे त्याचे व्यासपीठ बनले. हा संघर्ष तीव्र असला, तरी त्यात वाटाघाटीस दरवर्षी जागा असते. एकदा गेलेल्या जमिनीबाबत तशी जागा उरत नाही. तथापि भूमिहीन मजूर व बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारे ऊसतोडणी कामगार या भागीदारीबाहेरच राहिले.

संपादन न होताही जमीन नापीक होऊ शकते, हा या परिसराचा दुसरा धडा. कृष्णा व पंचगंगा यांच्या काठच्या काळ्या भारी जमिनीत निचरा मंद असतो. उसाला वारंवार दिलेल्या पाण्याने भूजलपातळी वर येते, पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागाशी जमतात आणि जमीन क्षारपड होते. दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी भूमिगत सच्छिद्र नळांच्या निचरा योजना राबविल्या. नळ अनेकांच्या शेतांतून न्यावा लागत असल्याने ते काम सामुदायिक संमतीवाचून होत नाही. वरच्या अंगाच्या शहरांतील सांडपाणी व इचलकरंजीच्या वस्त्रप्रक्रिया उद्योगांतील रसायनयुक्त पाणी यांनी पंचगंगा दूषित झाल्याची तक्रार खालच्या गावांची आहे. अशा हानीस भूसंपादनाचा मोबदला लागू होत नाही.

अलीकडे ताब्याचा प्रश्न महामार्गांच्या रूपाने परत आला. राज्य शासनाने २०२१ मध्ये महामार्गांच्या भूसंपादनातील गुणक २ वरून १ केला. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या चोकाक–अंकली टप्प्यातील शेतकऱ्यांनी चौपट मोबदल्यासाठी आंदोलन केले. पवनार ते पत्रादेवी या सु. ८०० किमी. लांबीच्या नियोजित शक्तिपीठ महामार्गास २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात तीव्र विरोध झाला. येथे मोबदल्याखेरीज बागायती जमिनीच्या नाशाचा प्रश्न होता. शिवाय २००५, २०१९ व २०२१ चे महापूर अनुभवलेल्या गावांना उंच भरावामुळे पाणी तुंबण्याची भीती होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्यातील भूसंपादनाची अधिसूचना रद्द करण्यात आली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रकल्पास मान्यता दिल्यावर विरोध पुन्हा उफाळला.

इतरत्र : पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे २००६ मध्ये मोटार कारखान्यासाठी सु. ९९७ एकर जमीन घेण्यात आली. विरोधामुळे २००८ मध्ये कारखाना हलविला गेला व ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन रद्द ठरविले. मेक्सिकोतील आतेंको येथे विमानतळासाठीचे संपादन शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २००२ मध्ये शासनाने मागे घेतले. चीनमध्ये ग्रामीण जमीन गावसमूहाच्या मालकीची असते. तेथे २०११ मध्ये वुकान गावात, स्थानिक अधिकाऱ्यांनी परस्पर जमीन विकल्याच्या आरोपावरून ग्रामस्थांनी उठाव केला. मालकी खाजगी असो वा सामुदायिक, निर्णयात सहभाग नसणे हे या घटनांतील समान सूत्र होय.

उपाय : पडीक व निरुपयोगात असलेल्या औद्योगिक भूखंडांचा आधी वापर, बहुपीक बागायती जमीन वगळणे, भाडेपट्टा, विकसित भूखंड वा भाग यांच्या रूपाने लाभात सहभाग आणि भूमिहीनांचे पुनर्वसन हे सर्वसाधारणपणे सुचविले जाणारे उपाय होत. एकरकमी रोख रक्कम अल्पावधीत खर्च होते, असा पुष्कळ प्रकल्पग्रस्तांचा अनुभव आहे. सातत्याने मिळणाऱ्या उत्पन्नाचे महत्त्व त्यामुळे वाढते. शेतकऱ्यास कारखान्याचा भागधारक करणाऱ्या सहकाराने एके काळी यास एक उत्तर दिले. रस्ते व मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत तसे उत्तर अद्याप सापडलेले नाही, आणि सहकारानेही ज्यांना सामावून घेतले नाही, त्या भूमिहीनांचा प्रश्न त्याहून जुना आहे.