हिंगूळ, पारा आणि नमुन्यासोबतची चिठ्ठी

पेडणे तालुक्यातील केरीच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे पाहिले, की तेरेखोल नदीच्या मुखापलीकडे किल्ला दिसतो आणि त्याच्याही पुढे सिंधुदुर्गातील रेडीची लोहखनिजाची खाण लागते. आग्नेयेला डिचोलीच्या दिशेने गेले, तर शिरगाव, मुळगाव, मये, लामगाव ही नावे खाणींची आठवण झाल्यावाचून घेता येत नाहीत. या पट्ट्यातील माणसाला तांबड्या दगडाचे अप्रूप नसते. तरीही खनिजनमुने जमविण्याचा छंद जडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती गडद तांबडा, वजनदार खडा लागला, तर हा हिंगूळ असेल काय, असा प्रश्न त्याला पडू शकतो. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे नैसर्गिक संयुग. पाऱ्याचे हे मुख्य खनिज आहे.

या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असले, तरी त्यामागील कारणे जाणून घेण्याजोगी आहेत. आपल्या व्यवहारात निरनिराळी तांबडी द्रव्ये आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रांत वापरलेली काव आणि घरोघरी ठाऊक असलेला गेरू यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. मारुतीच्या मूर्तीला तेलात कालवून लावतात तो शेंदूर परंपरेने शिशाचा असतो. पारंपरिक कुंकू हळदीपासून बनते. हिंगूळ या सर्वांहून निराळा. वैद्यकातील रसशास्त्राला तो प्राचीन काळापासून परिचित आहे आणि त्यातून काढलेल्या पाऱ्याला 'हिंगुलोत्थ पारद' असे स्वतंत्र नावही आहे.

गोव्याच्या भूमीत हिंगूळ का सापडत नाही? पारा हा सहज वायुरूप होणारा धातू आहे. तो भूगर्भातील उष्ण द्रावांबरोबर खडकांच्या भेगांतून वर चढतो आणि कमी तापमानाला, भूपृष्ठाच्या जवळ, गंधकाशी संयोग पावून हिंगुळाच्या रूपाने साचतो. म्हणून त्याचे साठे मुख्यतः ज्वालामुखी, उष्ण झरे आणि मोठे प्रस्तरभंग यांच्या आसऱ्याने आढळतात. डिचोलीचे लोहखनिज याउलट अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास जुन्या, समुद्रतळाशी साचलेल्या पट्टेदार लोहप्रस्तरांतून आलेले आहे. भूवैज्ञानिकांनी त्या खडकांच्या एका थराला डिचोलीचेच नाव दिले आहे. पुढे उष्ण व पावसाळी हवामानात त्या खडकांतील सिलिका धुऊन गेली, लोह मागे राहिले आणि वर जांभ्याचा थर तयार झाला. दोन्ही दगड तांबडे असले, तरी त्यांची जन्मकथा अशी वेगळी आहे.

ओळख पटविण्याची साधने साधी आहेत. हेमटाइट हे लोहखनिज पाण्याच्या सुमारे पाच पट जड असते आणि हिंगूळ सुमारे आठ पट. हेमटाइटवर नखाचा ओरखडा उठत नाही, हिंगूळ मात्र जवळजवळ नखाइतकाच मऊ असतो. झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर खडा ओढला, तर हेमटाइटची रेघ तांबूस तपकिरी उमटते, गोएथाइटची पिवळसर तपकिरी आणि मँगनीजच्या पायरोलुसाइटची काळी. हिंगुळाची रेघ शेंदरी लाल असते. परंतु खडा हिंगुळाचा असल्याचे ठाऊक असेल, तर त्याच्या बाबतीत ही कसोटी टाळावी, कारण घासल्याने विषारी भुकटी सुटते.

हिंगूळ गोव्यात खणला गेला नाही, तरी गोव्याला तो अनोळखी नव्हता. पोर्तुगीज काळात लिस्बनहून भारताकडे येणाऱ्या जहाजांत तांबे आणि पोवळे यांच्या जोडीला पारा व हिंगूळ असे. चीनहून मकावमार्गे गोव्याकडे निघालेल्या मालातही रेशमाबरोबर त्यांचा समावेश होता. त्याच सुमारास अमेरिकेतील चांदीच्या खाणींना पाऱ्याची मोठी गरज होती, कारण दळलेल्या खनिजातून चांदी वेगळी करण्यासाठी पारा वापरला जाई. पेरूमधील वांकाव्हेलिका आणि स्पेनमधील अल्मादेन येथील खाणी या मागणीवर चालत.

अल्मादेन या अरबी मूळ असलेल्या नावाचा अर्थच 'खाण' असा आहे. रोमन काळापासून तेथे हिंगूळ काढला जात होता. तेथे कैद्यांना कामाला जुंपले जाई आणि पाऱ्याच्या वाफेने अंग थरथरणे हा खाणकामगारांचा ठरलेला आजार होता. अठराव्या शतकात त्यांच्यासाठी तेथे खास रुग्णालय बांधावे लागले. स्लोव्हेनियातील इद्रिया येथे 1490च्या सुमारास ओढ्यात लाकडी भांडे भिजत घालणाऱ्या एका कारागिराला पारा सापडला, अशी कथा सांगतात. आज दोन्ही ठिकाणचे उत्खनन थांबले आहे. 2012 साली युनेस्कोने या दोन्ही गावांना मिळून जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. पूर्वीच्या खाणकामाचे बोगदे पाहुण्यांना दाखविले जातात.

या खाणींतील नमुने जगभरच्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत पोहोचले आहेत. इद्रियाच्या काळ्या शेलमध्ये पाऱ्याचे चकाकते थेंब जसेच्या तसे दिसतात. तेथील 'पोवळे-खनिज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात प्राचीन कवचधारी जीवांचे अवशेष असतात. चीनच्या ग्वेचौ आणि हूनान प्रांतांतील पांढऱ्या डोलोमाइटवर वाढलेले हिंगुळाचे जुळे स्फटिक संग्राहक सर्वांत मोलाचे मानतात. खाणी बंद झाल्यामुळे आता असे नमुने प्रामुख्याने जुन्या संग्रहांतूनच हातोहात फिरतात. त्यामुळे खड्यापेक्षाही त्याच्यासोबतच्या चिठ्ठीला महत्त्व येते. खनिजाचे नाव, खाण, शक्य असल्यास बोगदा किंवा पातळी, काढल्याचे वर्ष आणि आधीचे मालक इतके तिच्यावर लिहिलेले असते. ती चिठ्ठी हरवली, की तो खडा कोणत्या खाणीची साक्ष देतो, हे पुन्हा कोणालाही सांगता येत नाही.

पाऱ्याच्या खनिजांना जपण्याचे नियम कडक आहेत. उजेडात हिंगूळ काळवंडतो, म्हणून तो बंद खणात ठेवावा. तापविल्यास त्यातून पाऱ्याची वाफ सुटते, म्हणून दिवा, चूल आणि ऊन यांपासून तो दूर हवा. हाताळल्यावर हात धुवावेत आणि खडा कापू किंवा घासू नये. मोकळ्या पाऱ्याचे थेंब असलेला नमुना घट्ट झाकणाच्या डबीतच ठेवावा. त्याची वाफ नेहमीच्या तापमानालाही सुटते आणि ती दिसत नाही, तिला वासही नसतो. निजायच्या खोलीत, मुलांच्या हाती लागेल अशा जागी किंवा दागिन्यांच्या पेटीत तो कधीच ठेवू नये, कारण पारा सोन्यात मुरून ते खराब करतो. पारा सांडल्यास केरसुणी किंवा व्हॅक्यूम यंत्र वापरू नये. खिडक्या उघडाव्यात आणि जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरावेत. ताप पाहण्याची जुनी काचेची नळी फुटली, तरी हेच करावे.

ही काळजी केवळ संग्राहकापुरती नाही. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा उपसागरातील माशांत आणि तेथून कोळी कुटुंबांच्या शरीरात गेला. त्या आजाराची अधिकृत नोंद 1956 साली झाली. रोजच्या ताटात नुस्ते असणाऱ्या गोमंतकीयांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. त्या गावाचेच नाव असलेला आंतरराष्ट्रीय करार 2017 साली अमलात आला आणि 2018 साली भारताने त्याला मान्यता दिली. पाऱ्याच्या नव्या खाणी त्यान्वये काढता येत नाहीत आणि जुन्या ठरावीक मुदतीत बंद कराव्या लागतात. म्हणजे जगात पाऱ्याच्या खाणकामाचा उरेल तो बराचसा पुरावा अशा नमुन्यांत आणि त्यांच्या चिठ्ठ्यांतच.

येथे आपल्या खाणींकडे वळावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन थांबले. पुढे लिलाव झाले आणि काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले. या काळात बार्जमधून नदीमार्गे आणि पुढे बोटींतून जपान, चीनला किती टन माल गेला, याचे आकडे राहतात. कोणत्या खाणीच्या कोणत्या थरात कसा दगड होता, हे मात्र दगड जपल्याशिवाय राहत नाही. खंदक पाण्याने भरला किंवा भर घालून बुजविला, की तो थर पुन्हा पाहता येत नाही.

तथापि, उत्साहाच्या भरात कोणी बंद खाणीत उतरू नये. सुटे उतार पावसात ढासळतात आणि खोल पाण्याचा अंदाज येत नाही. शिवाय 1957च्या खाण व खनिज कायद्यामुळे परवान्याविना खनिज काढणे किंवा वाहून नेणे गुन्हा ठरतो. छंद जोपासण्याचे मार्ग इतरही आहेत. खाणीत आयुष्य घालविलेल्या कितीतरी माणसांच्या घरी, कार्यालयांतील कपाटांत, विद्यालयांच्या प्रयोगशाळांत जुने खडे पडून आहेत. केरी असो वा डिचोली, तेथील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या साहाय्याने ते दगड पाहावेत, ओळखावेत आणि प्रत्येकाला चिठ्ठी जोडावी. नाव, गाव, खाण, वर्ष आणि तो खडा कोणी, कोणत्या कामावर असताना आणला, एवढे तिच्यावर असावे. ज्यांना ही माहिती तोंडपाठ आहे, ती पिढी आता थकत चालली आहे. या कामाला खर्च जवळजवळ नाही, मात्र त्यासाठी हाताशी असलेला वेळ मोजकाच आहे.