कबुतराला पत्ता कळत नाही

दोह्याच्या कतारा सांस्कृतिक गावात मातीच्या रंगाचे उंच मनोरे आहेत. अंगभर भोकं, त्यांच्यालगत बाहेर आलेल्या लाकडी खुंट्या आणि खुंट्यांवर घुमत बसलेली कबुतरं. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की इथला फोटो ठरलेला असतो, आणि फोटो काढताना कोणीतरी म्हणतंच, "पूर्वी इथूनच पत्रं जात असतील नाही?" नाही. असे मनोरे इराणपासून इजिप्तपर्यंत बांधले गेले ते मुख्यतः खतासाठी. इस्फहानच्या खरबुजांच्या वाड्या कबुतरांच्या विष्ठेवर पोसल्या जायच्या. टपालाच्या कबुतरांचं घर वेगळं, तालीम वेगळी आणि घराणंही वेगळं.

आमच्या इमारतीतला नववीतला एक मुलगा असाच या मनोऱ्यांपाशी कबुतरांच्या प्रेमात पडला. शुक्रवारी सूक वाकिफच्या पक्षीबाजारात तासन् तास उभा राहू लागला. मग एके दिवशी त्याची आई माझ्याकडे आली. "दादा, तुम्ही मिरजेचे. तुमच्या मामांची ढाबळ होती म्हणे. तुम्हीच सांगा त्याला, हे खूळ काढ म्हणावं." मी सांगायला गेलो आणि उलटंच झालं. आईचे गैरसमज निराळे होते, मुलाचे निराळे. खूळ कोणाचंच निघालं नाही, गैरसमज मात्र बरेच निघाले.

मुलाला वाटत होतं, कबुतराला शिकवलं की ते सांगू तिथे जातं. यात त्याचा दोष नाही. "मैंने प्यार किया" 1989 साली आला, तेव्हापासून आपल्याकडे दोन पिढ्या हेच समजून चालल्या आहेत. खरं म्हणजे कबुतराला पत्ता कळत नाही. त्याला एकच जागा ठाऊक असते, आपलं घर. ते घराकडे येतं, घरापासून कुठे जात नाही. म्हणून टपाल चालवायचं तर पाठवणाऱ्याच्या हाती घेणाऱ्याच्या घरची कबुतरं आधी पिंजऱ्यातून नेऊन ठेवावी लागत. बाराव्या शतकात नूरुद्दीनने आणि पुढे मामलुक सुलतान बैबर्सने सीरिया-इजिप्तमध्ये कबुतरांचं टपाल उभारलं ते याच हिशेबावर. ओडिशा पोलिसांनी 1946 पासून कबुतरांचं दळणवळण चालवलं. 13 एप्रिल 1948 रोजी पंडित नेहरूंनी संबळपूरहून कटकला निरोप धाडला तो कबुतराच्या पायाला बांधून. ते कबूतर कटकचं होतं आणि फक्त घरी परतत होतं, एवढंच काय ते गुपित. अरबीत कबुतराला 'हमाम' म्हणतात. 'म'चं द्वित्त केलं की 'हम्माम', म्हणजे न्हाणीघर. इथल्या अरबाशी कबुतरांवर बोलायला जाल तर 'म' जपून उच्चारा.

आता याच एकमार्गी स्वभावातून पुढचा गैरसमज निकालात निघतो. मुलगा पैसे साठवून एक 'तयार' कबूतर घ्यायच्या बेतात होता, शर्यती जिंकलेलं. तयार कबूतर विकत मिळतं, पण त्याचं घर विकत मिळत नाही. दार उघडलंत की ते जुन्या मालकाच्या छपरावर जाऊन बसणार. मोठी विजेती कबुतरं विकली जातात ती बंद ढाबळीत जोडी लावण्यासाठी. 2020 मध्ये बेल्जियमची 'न्यू किम' नावाची मादी 16 लाख युरोंना गेली, ती उडवायला नव्हे, पैदाशीला. उडवायचं असेल तर सुरुवात पिल्लांपासून करावी लागते: चार-पाच आठवड्यांची, दाणे टिपू लागलेली, पण अजून लांब न उडालेली. ढाबळीच्या छपरावर जाळीच्या खोक्यात बसून ती आठवडाभर आजूबाजूचं जग बघतात, आणि तेच त्यांचं घर होतं. मग पाच किलोमीटर, दहा, वीस, चाळीस असं अंतर वाढवत नेऊन सोडायचं.

पायातल्या कड्याबद्दल तर मोठ्या माणसांचेही गोंधळ आहेत. मे 2023 मध्ये मुंबईत चेंबूरच्या धक्क्याजवळ एक कबूतर सापडलं. दोन्ही पायांत कडी, पंखांखाली चिनी वाटणारी अक्षरं. हेरगिरीच्या संशयावरून गुन्हा नोंदला गेला आणि पक्षी परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात तब्बल आठ महिने अडकून पडला. निष्पन्न काय झालं, तर तो तैवानचा शर्यतीचा, वाट चुकलेला पक्षी. 30 जानेवारी 2024 ला त्याला सोडून दिलं. कडं म्हणजे कबुतराचा जन्मदाखला. त्यावर देश, साल आणि क्रमांक असतो. ते अखंड असतं, म्हणून पिल्लू साधारण सात दिवसांचं असतानाच घालावं लागतं. हे काम मामांच्या मांडीशी बसून मी पाहिलंय. पुढची तीन बोटं एकत्र धरून कडं त्यांवरून ओवायचं, मागचं बोट नळीला चिकटवून कडं वर सरकवायचं आणि मग आगकाडीच्या टोकाने ते बोट अलगद मोकळं करायचं. चार दिवस उशीर झाला तर पंजा मावत नाही. चार दिवस घाई केली तर कडं गळून पडतं. सापडलेल्या कबुतराच्या पायात कडं दिसलं, तर पोलिसांआधी त्याला पाणी द्या.

"त्यांच्या चोचीत लोहचुंबक असतं ना, काका?" हा पुढचा प्रश्न. असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं, शास्त्रज्ञही सांगत होते. 2012 मध्ये व्हिएन्नाच्या डेव्हिड कीज यांच्या गटाने त्या लोहयुक्त पेशी नीट तपासल्या. त्या मज्जापेशी निघाल्या नाहीत, रोगजंतू आणि कचरा गिळणाऱ्या साध्या रक्षकपेशी निघाल्या. याचा अर्थ कबुतराला चुंबकीय क्षेत्र जाणवत नाही असा नव्हे, तो अवयव तो नव्हे इतकाच. दिशेसाठी सूर्य हे त्याचं मुख्य होकायंत्र. 1971 मध्ये विल्यम कीटन यांनी कबुतरांवर छोटे चुंबक बांधून पाहिले. उन्हात ती बिनचूक निघाली, ढगाळ दिवशी गोंधळली. इटलीत फ्लोरियानो पापी यांनी वासाची बाजू लावून धरली: वाऱ्याबरोबर येणाऱ्या गंधांवरून कबूतर आपण कुठे आहोत ते ओळखतं. आणि रोमजवळ पाठीवर जीपीएस लावून सोडलेली कबुतरं चक्क महामार्ग धरून उडाली, फाट्यावर वळलीसुद्धा. सूर्य, गंध, चुंबक, रस्ते, ज्या वेळी जे हाती लागेल ते. मला हे उत्तर चोचीतल्या चुंबकापेक्षा जास्त आवडतं.

म्हणून ते हमखास परततं का? नाही, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं. 29 जून 1997 रोजी ब्रिटनच्या रॉयल पिजन रेसिंग असोसिएशनच्या शताब्दीनिमित्त फ्रान्सच्या नांतहून सुमारे 60,000 कबुतरं सोडली. चांगली हवा, अनुभवी पक्षी, आणि त्यांतली हजारो घरी आलीच नाहीत. जॉन हॅगस्ट्रम यांनी पुढे असं मांडलं की पक्षी इंग्लिश खाडीवर असताना कॉन्कॉर्ड विमानाच्या ध्वनिस्फोटाने त्यांची ऐकून दिशा ओळखण्याची क्षमता बिघडली असावी. इथे कतारमध्ये कॉन्कॉर्ड नाही, पण ससाणा आहे. तो इथल्या माणसाच्या मनगटावर मानाने बसतो. दरवर्षी सीलाईनच्या मर्मी महोत्सवात एक स्पर्धाच अशी असते की ससाणा शर्यतीच्या कबुतराचा पाठलाग करतो. कबूतर पाळणाऱ्याच्या बाजूने ते बघवत नाही, हे मी मोकळेपणी सांगतो. पण ज्या समाजात राहायचं, त्याचा मानाचा पक्षी कोणता आणि आपला कोणता, हे माहीत असलेलं बरं.

"एवढ्याशा देशात कसल्या शर्यती?" हे आईचं. देश दक्षिणोत्तर सुमारे 160 किलोमीटर, तीन बाजूंनी समुद्र. कबुतराला उघड्या पाण्यावरून जायला आवडत नाही, आणि लांबच्या शर्यतीला हद्द ओलांडावीच लागते, इतकं खरं. पण शिकाऊ पक्ष्यांना शंभर किलोमीटर पुष्कळ झाले. आणि शर्यत म्हणजे जो आधी पोहोचेल तो पहिला, हा समजही इथेच पुसून टाकू. सगळ्यांना एका ठिकाणाहून सोडतात, पण घरं वेगवेगळी. समजा अबू समराच्या नाक्यावरून कबुतरं सोडली. अल वकराची ढाबळ सरळ रेषेत सुमारे 91 किलोमीटर, अल खोरची सुमारे 124. वकराचं कबूतर 75 मिनिटांत आलं, म्हणजे मिनिटाला 1,213 मीटर. खोरचं 100 मिनिटांनी आलं, पण त्याचा वेग मिनिटाला 1,240 मीटर. पंचवीस मिनिटं उशिरा येऊनही खोरवाला जिंकला! त्या मुलाने हे गणित वहीच्या मागच्या पानावर तीनदा करून पाहिलं. इतका वेळ त्याने बीजगणिताला कधी दिला होता, असं त्याच्या आईचा चेहरा विचारत होता.

वाळवंटाच्या उन्हात पक्षी तगत नाहीत, हाही अर्धाच खरा मुद्दा. पारा 45 च्या वर चढतो तेव्हा शर्यती नसतात. त्या थंडीत होतात. उन्हाळा म्हणजे पिसं झडून नवी येण्याचा काळ. तेव्हा सावली, वाहती हवा आणि दिवसातून दोन-तीनदा बदललेलं पाणी लागतं. कबुतराला घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकत थंड होतं. दुपारी सगळी ढाबळ अशी धापा टाकताना दिसली तर छप्पर चुकलंय.

कबुतरांमुळे रोग होतात, असंही आईचं म्हणणं होतं, आणि त्यात मात्र ती बरोबर होती. निदान निम्मी. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची वाळलेली भुकटी वर्षानुवर्षं छातीत गेली तर काहींना फुप्फुसाचा गंभीर विकार होतो. त्याला 'कबूतरवाल्याचं फुप्फुस' असं नावच आहे. दादरच्या कबुतरखान्याचा वाद 2025 मध्ये न्यायालयात गेला आणि महापालिकेने कबुतरखानाच ताडपत्रीने झाकला, तो याच भीतीपोटी. पण चौकात पोतं ओतून हजारो बेवारशी पारवे पोसणं वेगळं आणि वीस-तीस पक्ष्यांची, रोज साफ होणारी, लसीकरण झालेली ढाबळ वेगळी. मामा तोंडाला उपरणं बांधून झाडायचे आणि आम्ही त्यांना हसायचो. आज मी सांगेन: नीट बसणारा मास्क, कोरडं झाडण्याऐवजी आधी पाणी शिंपडून खरवडणं, ढाबळीतले कपडे वेगळे, नंतर हात-तोंड धुणं. घरात कुणाला दमा असेल किंवा मुलाला ढाबळीतून आल्यावर खोकला आणि ताप येत असेल, तर शौक बंद आणि डॉक्टर चालू. यात तडजोड नाही. आणि फ्लॅटच्या बाल्कनीत ढाबळ नाही म्हणजे नाही.

राहिला नाद. आमच्याकडे 'कबुतरं उडवतो' याचा अर्थच 'वाया गेला' असा. पैजा लावणारे होते, आहेत, त्यांनी नाव घालवलं. कतारमध्ये जुगार बेकायदा आहे, त्यामुळे तिकडे पाऊल टाकायचंच नाही हे मुलाला बजावून सांगितलं. पण मामांच्या ढाबळीत मी जो नाद पाहिला तो पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. एका पक्ष्याला दिवसाला साधारण तीस ग्रॅम दाणे, बाजरी-गहू-मका-वाटाणा, मापाच्या वाटीने. जास्त नाही, कारण भरल्या पोटाचं कबूतर छपरावरून खाली उतरत नाही. नर-मादी अंड्यांवर पाळीपाळीने बसतात, दिवसाची मधली पाळी नराची. सतरा-अठरा दिवसांनी पिल्लं निघतात आणि पहिले काही दिवस आई आणि बाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं 'दूध' पाजतात. कोणत्या जोडीने अंडी कधी घातली, हे मामा कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायचे. एवढी शिस्त त्यांच्या दुकानाच्या हिशेबात नव्हती, हे मामी सांगायची.

तर फ्लॅटमधल्या मुलाने करायचं काय? विकत काही घ्यायचं नाही. ज्याची ढाबळ आहे त्याच्याकडे आठवड्याच्या सुट्टीत जायचं, खरवडायचं, पाणी भरायचं, नोंदी लिहायच्या. शहराबाहेरच्या शेतघरांवर आणि जुन्या व्हिलांच्या गच्च्यांवर अशा ढाबळी आहेत. त्यांत राबणारे पाकिस्तानी, बांगलादेशी, आपले तमिळ लोकही भेटतात. चेन्नई म्हणजे आपल्याकडच्या होमर, म्हणजे घरी परतणाऱ्या कबुतरांच्या शर्यतींची पंढरी. मिरजेकडचे बहुतेक गिरेबाजवाले: सकाळी सोडायचं आणि कोण जास्त तास आभाळात टिकतं ते मोजायचं. पक्ष्यांची जात दाखवून बोलायला सुरुवात केली की भाषेची अडचण फार काळ टिकत नाही. वर्षभर असं केल्यावर हौस उरली, तर त्याच ढाबळीत एक कप्पा मागायचा.

आमच्या मुलाला असा कप्पा मिळाला, पाच पिल्लांचा. परवा त्याने ती पहिल्यांदा चाळीस किलोमीटरवरून सोडायला दिली. मी आणि त्याची आई गच्चीवर उभे होतो. चार आली, आत शिरली. पाचवं आलं आणि कठड्यावर बसलं. शर्यतीत घड्याळ पक्षी दिसल्यावर थांबत नाही, तो दारातून आत गेल्यावर थांबतं. हल्ली पायातली चिप दाराच्या पट्टीवरून गेली की नोंद होते. आई म्हणाली, "अरे, आलं की!" मुलाने ओठांवर बोट ठेवलं. मग दाण्यांचा डबा घेऊन हलकेच खुळखुळवला. कबुतराने मान तिरकी करून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईच्या फडफडणाऱ्या ओढणीकडे. ती हळूच ओढणी गोळा करत जिन्यात जाऊन बसली. अकरा मिनिटं लागली.